इंदूरचे घर विकावे की ठेवावे : सभागृहातील उत्तरे आणि दोन तारखा

तुम्ही ऑक्टोबरमध्ये सहकुटुंब इंग्लंडला येत आहात. लोकमान्य नगरातील घर वडिलांनी १९८८ मध्ये घेतले होते आणि २०१६ मध्ये ते गेल्यावर ते तुमच्या नावावर झाले. परदेशात गेलेल्यांना घरविक्रीवर जादा कर पडतो असे सरकारने लोकसभेतच सांगितले आहे, असा संदेश तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आला, म्हणून विमानात बसण्याआधी घर विकून टाकावे काय, असे तुम्ही विचारले आहे. इथे भाड्याच्या घरावर कोणता कर भरावा लागतो, हाही तुमचा प्रश्न आहे. घाईने विकू नका, हे माझे मत आधीच सांगतो. त्याची कारणे मात्र सविस्तर द्यावी लागतील.

तुम्ही पाठवलेल्या संदेशात ना प्रश्नाचा क्रमांक आहे, ना उत्तराची तारीख. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकिताचे उत्तर मंत्री तोंडी देतात व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात, तर अतारांकिताचे उत्तर फक्त लेखी असते. दोन्ही प्रकारची उत्तरे सभागृहाच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येतात, त्यामुळे क्रमांक न देता फिरवल्या जाणाऱ्या मजकुरावर विसंबण्याचे काही कारण उरत नाही. उत्तर वाचताना आधी तारीख पाहावी. भारतात १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असल्याने जुन्या उत्तरांतील कलम ११२ किंवा १९५ हे क्रमांक आज जसेच्या तसे जुळणार नाहीत. त्यानंतर प्रश्नाचे भाग आणि उत्तराचे भाग शेजारी ठेवून पाहावेत, कारण चार भागांचे उत्तर एकत्र दिलेले असेल तर नेमका अडचणीचा भाग बहुधा त्यातून निसटलेला असतो. मंत्र्यांचे उत्तर त्या दिवशीचा कायदा आणि सरकारची भूमिका सांगते. तुमच्या प्रकरणातला तो निवाडा नव्हे, आणि कर अधिकाऱ्यापुढे कलमच चालते.

कोणता प्रश्न कोणत्या सभागृहातला, हेही लक्षात घ्या. आयकर केंद्राचा आहे, पण रजिस्ट्रीची कलेक्टर गाइडलाइन (नोंदणीसाठी ठरवलेले जमीन-घरांचे सरकारी दर) आणि नगर निगमचा संपत्तिकर हे राज्याचे विषय असल्याने त्यांची उत्तरे भोपाळच्या विधानसभेत शोधावी लागतात. तिथे 'जानकारी एकत्रित की जा रही है' हे उत्तर आपण इंदूरकरांनी वर्तमानपत्रांत इतक्या वेळा वाचले आहे की त्याचे आता काही वाटत नाही. लोकसभेत माहिती नंतर देऊ असे मंत्र्यांनी म्हटले, तर ते आश्वासन समजले जाते, तीन महिन्यांत पुरे करणे अपेक्षित असते आणि त्यावर सरकारी आश्वासन समिती लक्ष ठेवते. म्हणून अर्धवट उत्तर दिसले तर त्याच विषयाचे पुढचे अधिवेशनही चाळावे.

आता मूळ मुद्दा. २३ जुलै २०२४ पासून स्थावर मालमत्तेवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर १२.५ टक्के झाला आणि इंडेक्सेशन, म्हणजे महागाईच्या निर्देशांकाने खरेदीखर्च वाढवून धरण्याची मुभा, गेले. त्यावर ओरड झाल्यावर ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली: त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनीला वा इमारतीला जुन्या पद्धतीने, म्हणजे इंडेक्सेशनसह २० टक्क्यांनी, कर कमी बसत असेल तर तेवढाच भरावा. ही सवलत निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांपुरती आहे, अनिवासींना ती नाही. संदेशातील विधान एवढ्यापुरते खरे आहे. परंतु तुमच्या घराला त्याने फरक पडतो का, हे आकडेमोड केल्याशिवाय कळणार नाही.

घर २००१ पूर्वीचे असल्याने १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य हा खरेदीखर्च धरता येतो. वारशाने आलेल्या घराला वडिलांच्या खरेदीची तारीख लागू होते, म्हणून ही मुभा तुम्हालाही आहे. मात्र हे मूल्य त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे त्या वेळच्या गाइडलाइनपेक्षा, जास्त धरता येत नाही. समजा ते १२ लाख निघाले आणि घर दीड कोटीला विकले. २०२५-२६ च्या ३७६ या निर्देशांकाने १२ लाखांचे ४५.१२ लाख होतात, उरलेल्या १०४.८८ लाखांवर २० टक्के म्हणजे सुमारे २०.९८ लाख कर. इंडेक्सेशन न घेता १३८ लाखांवर १२.५ टक्के म्हणजे १७.२५ लाख. अधिभार व उपकर दोन्हीकडे वेगळे. म्हणजे ज्या सवलतीसाठी इतकी धडपड, ती इथे तोट्याचीच ठरते. २००१ चे मूल्य २० लाख निघाले तर मात्र जुन्या पद्धतीने १४.९६ लाख आणि नव्याने १६.२५ लाख, अशी तिची बाजू वरचढ होते. याच निर्देशांकाने विक्रीची किंमत २००१ च्या मूल्याच्या साधारण ८.३६ पटींहून अधिक असेल तर नवी पद्धत स्वस्त पडते. म्हणून निघण्यापूर्वी पंजीयन कार्यालयातून २००१ च्या गाइडलाइनची प्रमाणित प्रत काढा, नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून त्या तारखेचा अहवाल घ्या आणि मगच गणित मांडा.

अनिवासी विक्रेत्याची खरी अडचण टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच होणाऱ्या करकपातीची, असते. निवासी विक्रेत्याकडून ५० लाख वा अधिकच्या व्यवहारात ग्राहक एक टक्का कापतो. अनिवासीकडून मात्र कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधीच घेतला नसेल, तर ग्राहक प्रत्यक्षात पूर्ण रकमेवरच भांडवली नफ्याच्या दराने कापून मोकळा होतो आणि परतावा मिळेपर्यंत पैसा अडकतो. तुमच्या बाबतीत एक सोय आहे. ऑक्टोबरमध्ये निघाल्यास त्या आर्थिक वर्षात तुमचे भारतातील वास्तव्य १८२ दिवसांहून अधिक भरते, म्हणून ३१ मार्चपर्यंत तुम्ही निवासीच राहता आणि विक्री त्याआधी झाली तर निवासींचेच नियम लागतात. सप्टेंबरच्या मध्यावर नोकरीसाठी निघाला असता तर असे झाले नसते.

इंग्लंडच्या बाजूने पाहिले तर घाईचे कारण आणखी कमी होते. ६ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानुसार, आधीची सलग दहा वर्षे ब्रिटनचा करनिवासी नसलेल्या माणसाला पहिली चार करवर्षे परदेशातील उत्पन्नावर व नफ्यावर इथे कर लागत नाही. मात्र त्यासाठी विवरणपत्रात मागणी करावी लागते आणि त्या वर्षाची वैयक्तिक करमुक्त मर्यादा सोडावी लागते. करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते, त्यामुळे तुमचे आगमनाचे अर्धवट वर्षही चारांत मोजले जाईल. चार वर्षांनंतर विकल्यास घराच्या नफ्यावर इथे १८ किंवा २४ टक्के दर आहे, भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, पण हिशेब अगदी निराळा होतो. ब्रिटिश कायदा २००१ चे मूल्य जाणत नाही. वारशाच्या मालमत्तेला मृत्यूच्या दिवसाचे बाजारमूल्य धरतो, शिवाय ते त्या दिवसाच्या दराने पौंडात आणि विक्रीची रक्कम विक्रीच्या दिवसाच्या दराने पौंडात. म्हणून वडील गेले त्या २०१६ मधील तारखेचाही मूल्यांकन अहवाल त्याच व्हॅल्युअरकडून आजच करून ठेवा. इथे बसून दहा वर्षांपूर्वीचा भाव सिद्ध करणे फार जिकिरीचे होते.

घर ठेवून भाड्याने दिले, तर नगर निगमकडे वापर बदलल्याची नोंद करा, कारण स्वतः राहत असलेल्या घराला संपत्तिकरात मिळणारी निम्मी सूट त्यानंतर राहत नाही. भाड्याच्या उत्पन्नाचे भारतातील विवरणपत्र तर दरवर्षी भरावेच लागेल.

राहिला इथल्या भाड्याच्या घरावरचा कर, म्हणजे स्थानिक कौन्सिलचा कौन्सिल टॅक्स. तो सहसा मालकाने नव्हे, तर घरात राहणाऱ्याने, म्हणजे भाडेकरूनेच भरायचा असतो. घर पाहताना भाड्याबरोबर त्याचा बँड, म्हणजे घराच्या किमतीवरून ठरलेला करगट, विचारा. इंग्लंडमधील घरांचे ए ते एच हे बँड अजूनही १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरलेले आहेत. २००७ साठी आखलेले फेरमूल्यांकन २००५ मध्येच पुढे ढकलले गेले आणि ते आजतागायत झालेले नाही. वेल्समध्ये मात्र २००३ च्या किमती लागू आहेत. एच बँडचा कर ए बँडच्या तिप्पट असतो. घरात एकच प्रौढ असल्यास २५ टक्के सूट मिळते, जी तुम्हा दोघांना लागू होणार नाही. बँड चुकीचा वाटला तर करदाता झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत रीतसर हरकत घेता येते. तत्पूर्वी त्याच गल्लीतील तशाच घरांचे बँड संकेतस्थळावर ताडून पाहा, कारण तपासणीत बँड खाली येण्याऐवजी वरही जाऊ शकतो.