मोठ्या बोअरला हलका भार

प्रश्न: .४५८ विंचेस्टर मॅग्नम या मोठ्या रायफल काडतुसाचा धक्का सोसवत नाही. सरावाची काडतुसं घरी भरताना दारू सरळ निम्मी केली तर?

उत्तर: अजिबात नको. सावकाश जळणारी दारू कमी भरली की दाब बेभरवशाचा होतो; बुलेट नळीत अडकू शकते. हॉजडन कंपनीची एच-४८९५ ही दारू चालते: हॉजडनच्याच नियमानुसार, त्यांच्या तक्त्यातल्या कमाल भाराच्या (काडतुसात भरायच्या दारूच्या वजनाच्या) ६० टक्क्यांपर्यंत उतरता येतं. तक्ता ७० ग्रेन (दारू मोजायचं वजनाचं एकक) म्हणत असेल तर ४२, त्याखाली नाही. भार कमी असला की चुकून दुबार पडलेली दारू केसमधून (काडतुसाच्या कवचातून) ओसंडेलच असं नाही. म्हणून बुलेट बसवण्याआधी टॉर्च मारून प्रत्येक केसमधली पातळी बघा. बार फुसका वाटला तर थांबा, रायफल रिकामी करा, बोल्ट काढून नळी आरपार तपासा. नेम बदलेल, पण सरावाला तेवढं चालतं.