तपासलेली कालवेही बाधतात ती का?

प्रश्न : माझा मुलगा फ्रान्समध्ये बोर्दोजवळ राहतो. नाताळात त्याने मित्रांबरोबर कच्ची कालवे खाल्ली आणि दुसऱ्या रात्री उलट्या-जुलाबांनी तो अगदी गळून गेला. तिकडे कालवांची तपासणी झाल्याशिवाय ती विक्रीला येत नाहीत, असे तो सांगतो. मग उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस हा विषाणू सुटतो कसा आणि तो शोधतात तरी कसा?
– एक वाचक, मालवण

उत्तर : तपासणी होते हे खरे, परंतु युरोपात ती मुख्यतः ई. कोलाय या जिवाणूची होते आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. सांडपाण्यातून आलेले जिवाणू आणि नोरोव्हायरससारखे विषाणू कालवाच्या पोटात एकदमच जातात. पुढे स्वच्छ पाण्यात ठेवल्यावर जिवाणू दोनेक दिवसांत बऱ्याच अंशी धुऊन जातात, विषाणू मात्र कित्येक आठवडे टिकतो, कारण कालवाच्या पचनसंस्थेत आपल्या रक्तगटाच्या शर्करांशी साम्य असलेले रेणू असतात आणि विषाणू त्यांना चिकटून बसतो. म्हणून जिवाणूंचा अहवाल चांगला आला, एवढ्यावरून कालव निर्धोक मानणे मला पटत नाही.

आपल्या मुलाच्या शेजारचेच उदाहरण घ्या. डिसेंबर २०२३मध्ये आर्काशाँच्या उपसागरातील कालवांमुळे लोक आजारी पडले, नोरोव्हायरस सापडला आणि ऐन नाताळ-नववर्षाच्या हंगामात तेथील कालवांची विक्री बंद करावी लागली. मुसळधार पावसात सांडपाण्याची व्यवस्था तुंबून मैला उपसागरात गेला, अशी कालवे पिकवणाऱ्यांची तक्रार होती, आणि ती रास्त वाटते.

आता शोध कसा घेतात ते पाहू. विषाणू कालवाच्या सगळ्या मांसात सारखा पसरलेला नसतो; तो मुख्यतः पाचकग्रंथीत साचतो. त्यामुळे शिंपला उघडून, आतली ती गडद रंगाची मऊ ग्रंथी तेवढी अलगद कापून घेतात, अनेक कालवांच्या ग्रंथी एकत्र करून बारीक चिरतात आणि त्यातला जेमतेम दोन ग्रॅम लगदा तपासणीला घेतात. त्यात मेंगोव्हायरस हा ओळखीचा, माणसाला न बाधणारा विषाणू मुद्दाम मिसळतात. शेवटी तो किती हाती लागला, यावरून वाटेत किती विषाणू हरवला असेल हे कळते. मग प्रथिने विरघळवणाऱ्या विकराने (एन्झाइमने) लगदा सैल करून आरएनए, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य, वेगळे काढतात आणि पीसीआरने, म्हणजे जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती काढणाऱ्या चाचणीने, नोरोव्हायरसचा अंश मोजतात. ही पद्धत आयएसओ १५२१६ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलेली आहे.

पाण्यात विषाणू शोधायचा झाला, तर अडचण उलटी असते. विषाणू थोडे आणि पाणी भरपूर, म्हणून बरेच पाणी धनभारित गाळणीतून सोडतात. विषाणूंवर सहसा ऋणभार असल्याने ते गाळणीला चिकटतात आणि मग अल्कधर्मी द्रावणाने त्यांना थोड्याशा द्रवात उतरवून घेतात.

एवढे करूनही पीसीआरला विषाणू जिवंत की मेलेला हे कळत नाही. नोरोव्हायरस आतड्याच्या पेशींवर वाढवण्याची रीत २०१६मध्ये सापडली खरी, पण ती रोजच्या तपासणीत आणण्याइतकी सोपी नाही. तोवर खात्रीचा उपाय चुलीवरचाच : आतल्या मांसापर्यंत ९० अंश सेल्सिअस तापमान किमान दीड मिनिट राहिले पाहिजे. आपल्याकडे तिसऱ्या किंवा कालवे वाफेवर उघडली की लगेच खाली उतरवतात. पण शिंपला उघडला म्हणजे आतले मांस पुरते तापले असे नव्हे, तेव्हा उघडल्यानंतरही आणखी काही मिनिटे ती रटरटू द्यावीत.