माणूस टिकवायचा, म्हणजे नेमके काय टिकवायचे?

प्रश्न : राज्यसेवा परीक्षेतून निवड होऊन मी परिविक्षाधीन (म्हणजे अजून उमेदवारीच्या काळातील) उपजिल्हाधिकारी झाले आहे. पुण्यातील ‘यशदा’मधील प्रशिक्षणाचा टप्पा संपला असून जिल्ह्यात रुजू होण्यापूर्वी आठ दिवसांसाठी गावी आले आहे. आमच्या तुकडीतील काही जण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी पुन्हा करीत आहेत आणि एका अभियंता मित्राला जुन्या कंपनीने परत बोलावले आहे. पगार वाढवल्याखेरीज हुशार माणसे शासनात टिकणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्याला काय वाटते? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : पगाराचा आकडा तुम्हा सर्वांना अर्ज भरतानाच ठाऊक होता, त्यामुळे केवळ त्यासाठी कोणी जात असेल असे मला वाटत नाही. केंद्रीय सेवेत जाऊ पाहणाऱ्या मित्रांविषयी तर मनात अढी धरू नये. ते लोकांच्याच कामात राहणार आहेत. मला खरी चिंता वाटते ती सेवेत राहूनही वाया जाणाऱ्या अधिकाऱ्यांची. एखादा अधिकारी भूसंपादनाच्या प्रकरणात दोन वर्षे घालवतो, कोणत्या गटात कोणाचा हिस्सा अडला आहे, कोणत्या भावाची संमती राहिली आहे, हे त्याला तोंडपाठ होते, आणि निवाडा जाहीर होण्याच्या तोंडावर त्याची बदली पुरवठा शाखेत होते. नव्या माणसाला तीच नस्ती, म्हणजे फाइल, पहिल्या पानापासून वाचावी लागते आणि मोबदल्याची वाट पाहणारा शेतकरी पुन्हा खेटे घालू लागतो.

हे थांबवण्यासाठी कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदल्यांसंबंधीच्या अधिनियमात एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा धरला आहे आणि बदल्या एरवी एप्रिल किंवा मे महिन्यात व्हाव्यात, असे म्हटले आहे. मुदतीआधी बदली करायची तर कारणे लेखी नोंदवून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2013 मध्ये निश्चित कार्यकाळ, बदल्यांबाबत शिफारस करणारी नागरी सेवा मंडळे आणि तोंडी आदेशांची लेखी नोंद यांचा आग्रह धरला. अपवादाची तरतूद सढळ हाताने वापरली की मूळ नियम कागदावरच उरतो, हे मात्र मी अनेकदा पाहिले आहे.

अध्ययन रजेचेही तसेच. सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या सेवेनंतर ती मिळू शकते, संपूर्ण सेवेत मिळून 24 महिन्यांपर्यंत. परतल्यावर सेवा करण्याचे बंधपत्रही लिहून घेतले जाते. पण पाणी व्यवस्थापन शिकून आलेल्याला निवडणूक शाखेत बसवले, तर त्या बंधपत्राने शासनाच्या हाती काय आले?

दुसरी गोष्ट पहिल्या वर्षाची. मी परिविक्षाधीन असताना एका वयस्कर तलाठ्याने मला तीन दिवस स्वतःच्या शेजारी बसवून घेतले होते. सातबाऱ्यावर कंसात गेलेल्या, म्हणजे कमी झालेल्या, नावावर बोट ठेवायचे, शेजारच्या वर्तुळातला फेरफाराचा, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीचा, क्रमांक वाचायचा, मग तो फेरफार काढून वारसाची नोंद कोणत्या साली झाली आणि बहिणींची नावे का राहिली, ते मलाच सांगायला लावायचे, अशी त्यांची रीत होती. चुकलो तर ते रागावत नसत; बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेत. नोकरी सोडण्याचा विचार माझ्याही मनात त्या वर्षी येऊन गेला होता, आणि मी राहिलो याचे मोठे श्रेय मी त्या तीन दिवसांना देतो. असे शिकवणारे कोणी न भेटता थेट सह्यांच्या ढिगासमोर बसवले गेलेले तरुण मला पुढे भेटले, तेव्हा त्यांच्या बोलण्यातला कोरडेपणा मला समजत असे.

म्हणून रुजू झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांना भेटाल, तेव्हा तलाठी कार्यालयातील दिवस कमी करू नयेत, अशी विनंती जरूर करा. तुमच्या अभियंता मित्रालाही, निर्णय घेण्याआधी, तेवढे दिवस सोबत घेऊन जा.