कंबोडियाला जाण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

कंबोडियात इंग्रजी शिकवायला जायचं म्हणतेस, वाचून फार बरं वाटलं. पण त्या संस्थेचा पंधरा दिवसांचा कार्यक्रम आणि वर तुझ्याकडूनच फी, हे काही मला पटलेलं नाही.

आपल्या देवगडच्या शाळेत दिवाळीनंतर मुंबई-पुण्याहून मंडळी यायची, आठवतं? प्रत्येक गट नव्याने रंगांची नावं शिकवायचा. तुम्ही पोरं तिसऱ्यांदा ‘रेड, ब्लू’ म्हणताना एकमेकांना कोपरखळ्या मारायचात आणि पाहुण्यांना वाटायचं, किती पटकन शिकतात! खाऊ वाटून, फोटो काढून त्यांची गाडी घाटाला लागली की सोमवारी पुन्हा चार वर्ग आणि आम्ही दोन शिक्षक. आता तू त्या गाडीत बसायला निघाली आहेस.

म्हणून निदान एका सत्रासाठी जा. आणि संस्थेला आधी विचार, माझ्या आधी हा वर्ग कोण घेत होतं, माझ्यानंतर कोण घेणार? उत्तर ‘पुढचा स्वयंसेवक’ असं आलं तर नाही म्हण. तिथल्या शिक्षिकेच्या जोडीने शिकव. तू परतल्यावर वर्ग तिलाच सांभाळायचा आहे. तिचं इंग्रजी अडखळत असेल, तरी मुलांदेखत तिला दुरुस्त करू नकोस. संध्याकाळी दोघी बसा. तू उच्चार सांग, मुलं कुठे अडतात ते ती सांगेल. तिथल्या ख्मेर भाषेत काळाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलत नाही, अनेकवचनाचा प्रत्ययही नाही. त्यामुळे मुलं ‘काल गो’ म्हणतील, शेवटचा ‘एस’ गिळतील. आपली मुलं ‘ए’ आणि ‘द’ गाळतात त्यातलाच प्रकार, आळस नव्हे. काय शिकवून झालं त्याची वही मात्र ठेव आणि तिच्या हाती देऊन ये.

अनाथालयात शिकवायला बोलावलं तर जाऊच नकोस. तिथल्या अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, असं युनिसेफ सांगत आलं आहे. पाहुण्यांच्या देणग्या येत राहतात म्हणून मुलं घरापासून दूर ठेवली जातात. दर महिन्याला नवी ताई लळा लावून निघून जाते, ते वेगळंच.

टेफलचा, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा, १२० तासांचा अभ्यासक्रम कर, पण नुसता मोबाइलवर नको. जूनमध्ये शाळा सुरू झाली की महिनाभर इथे ये, मुख्याध्यापकांशी मी बोलते. पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असताना शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय होईल. तिकडेही मे ते ऑक्टोबर पाऊसच असतो.

पर्यटक व्हिसावर शिकवायला जाऊ नकोस. लांबच्या मुक्कामाला ई वर्गाचा साधारण व्हिसा लागतो. कामाच्या परवान्याचं काय, ते संस्थेकडून लेखी घे. पैसे भरण्याआधी त्यांचे कागद मला पाठव. आणि आईला सांग, रविवारी मी फोन करते.

तुझ्या
बाई