‘पहिली महिला अध्यक्ष’ एवढ्यावर थांबू नकोस

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

व्हिएतनामच्या राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, माजी अध्यक्ष न्गुयेन थी किम न्गान यांच्यावरील तुझ्या लेखाचा खर्डा वाचला. ३१ मार्च २०१६ रोजी त्या या पदावर निवडून आलेल्या पहिल्या महिला ठरल्या, हे खरेच. परंतु तुझा सारा लेख त्या एका वाक्याभोवती फिरत राहतो आणि त्या तिथवर कशा पोहोचल्या याचा उलगडा मात्र होत नाही.

१९५४ साली मेकाँगच्या मुखाजवळच्या, नारळाच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या बेन त्रे प्रांतात त्यांचा जन्म झाला, आणि त्याच प्रांताच्या वित्त विभागात जमाखर्च सांभाळत त्या वर चढल्या. पुढे त्या केंद्रात वित्त उपमंत्री झाल्या, आणि २००२ मध्ये उत्तरेकडील हाय जुओंग प्रांताच्या पक्षसचिव म्हणून त्यांना पाठवण्यात आले. होतकरू कार्यकर्त्याला परक्या प्रांतात पाठवून पारखण्याची तिथल्या कम्युनिस्ट पक्षाची रीत आहे, तेव्हा या नेमणुकीला तू दिलेली अर्धी ओळ मला फारच तोकडी वाटते. २००७ ते २०११ त्या श्रम व समाजकल्याण खात्याच्या मंत्री होत्या, त्यानंतर सभेच्या उपाध्यक्ष झाल्या आणि २०१३ मध्ये पॉलिटब्यूरोत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीत, आल्या. खरी सत्ता तिथेच असते. हे न सांगता सभेबद्दल लिहिलेस, तर आपला वाचक तिला आपल्या लोकसभेसारखी समजेल.

अध्यक्ष म्हणून त्यांनी काय केले, हे पाहायचे तर २०१८ सालचे उन्हाळी अधिवेशन बारकाईने वाच. प्रश्नोत्तरांसाठी त्यांनी तेव्हा नवी शिस्त लावली: सदस्याने एका मिनिटात प्रश्न विचारायचा, मंत्र्याने तीन मिनिटांत उत्तर द्यायचे. लांबण लावणाऱ्या मंत्र्यांची त्यामुळे पंचाईत होते, हे वेगळे सांगायला नको. त्याच अधिवेशनात विशेष आर्थिक क्षेत्रांचे विधेयक होते. त्यात परकीय गुंतवणूकदारांना ९९ वर्षांपर्यंत जमीन भाड्याने देण्याची तरतूद होती, आणि ती जमीन चीनच्या घशात जाईल या भीतीने १० जूनला अनेक शहरांत लोक रस्त्यावर उतरले. दुसऱ्याच दिवशी सभेने विधेयक लांबणीवर टाकले, आणि त्याच्या पुढच्या दिवशी, मानवाधिकार संघटनांचा कडाडून विरोध असतानाही, सायबर सुरक्षा कायदा मोठ्या बहुमताने संमत केला. हे दोन्ही निर्णय शेजारी शेजारी मांड. पहिला तेवढा सांगितलास तर तो गौरवलेख होईल, दुसरा तेवढा सांगितलास तर आरोपपत्र.

परदेश दौऱ्यांची यादी काढून टाक. तिच्यातून काही हाती लागत नाही. त्या जागी २०१९ च्या श्रमसंहितेवर एक प्रकरण लिही, कारण या विषयाचे खाते त्यांनी स्वतः सांभाळले होते. निवृत्तीचे वय पुरुषांसाठी ६० वरून २०२८ पर्यंत ६२, आणि स्त्रियांसाठी ५५ वरून २०३५ पर्यंत ६० असे टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे त्या संहितेने ठरवले. स्त्रियांच्या वाट्याला पाच वर्षे आणि पुरुषांच्या वाट्याला दोनच, हा फरक का ठेवला गेला, याचा शोध तुझ्या लेखात हवा. मार्च २०२१ अखेर त्या पायउतार झाल्या आणि वुओंग दिन्ह ह्वे त्यांच्या जागी आले, एवढे शेवटी एका वाक्यात पुरे.

श्रमसंहितेचे प्रकरण आधी लिहून पाठव, बाकीचे मागाहून पाहू.

तुझा,
मार्गदर्शक