बारोलो पहिल्यांदा चाखताना

थेट बारोलो या इटलीच्या लाल वाइनपासून सुरुवात करण्याचा तुमचा उत्साह मला समजतो, तरीही आधी लांगे नेबियोलोची एखादी बाटली उघडावी, असे मी आग्रहाने सुचवीन. बारोलो ज्यापासून बनते, ते इटलीच्या पिएमोंते प्रदेशातील आल्बा शहराभोवतीच्या टेकड्यांवरचे नेबियोलो द्राक्षच तिच्यात असते, किंमत बरीच कमी असते आणि ती लवकर पिण्याजोगी होते. बारोलो मात्र नियमानेच किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यांपैकी 18 महिने लाकडी पिंपात.

पेला पांढऱ्या कागदासमोर तिरका धरा. रंग फिकट आणि कडेला विटकरी छटा दिसली, म्हणून वाइन हलकी असेल असे मानू नका. या द्राक्षाचा रंग मुळातच गडद नसतो. मग घाई न करता वास घ्या: सुकलेला गुलाब, चेरी आणि त्यामागून रस्त्यावर नुकत्याच ओतलेल्या डांबराची आठवण. पहिल्या घोटाला जांभूळ खाल्ल्यासारख्या हिरड्या आवळतात. तो दोष नव्हे, ते टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारे द्रव्य आहे, आणि मंद आचेवर शिजवलेल्या मांसाबरोबर किंवा जुन्या चीजबरोबर ते आश्चर्यकारकरीत्या मवाळ लागते.

तापमान 16 ते 18 अंश असावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यासाठी बाटली थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवावीच लागते.

पुढे जमल्यास ला मोर्रा आणि सेर्रालुंगा या दोन गावांच्या, एकाच वर्षीच्या बारोलो शेजारी ठेवून चाखा. पहिली बहुधा सुगंधी व मऊ, तर दुसरी करारी आणि अधिक वर्षे वाट पाहायला लावणारी असते.