लेफ्ट टॅकलला कोण? प्लेऑफआधी आलेल्या प्रश्नांची उत्तरं

अमेरिकन फुटबॉलमधल्या आपल्या कॅन्सस सिटी चीफ्सची विश्रांती संपली, शनिवारी १८ जानेवारी २०२५ ला घरच्या मैदानावर, ॲरोहेडवर, ह्यूस्टन टेक्सन्स येतायत आणि माझ्याकडे जवळपास एकच प्रश्न येतोय, लेफ्ट टॅकलला थुनी की हम्फ्रीज. मी फिजिओ आहे, लाइनमनची, म्हणजे पुढच्या फळीत अडवणाऱ्यांची, शरीरं हे माझं रोजचं काम, त्यामुळे तेवढ्याच नजरेतून सांगते.

ताई, आम्ही पुण्यातून बघतो, नवीन आहोत. या एका जागेवर एवढी चर्चा का? बॉल तर तो हातातही घेत नाही.

उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ फेकताना डाव्या बाजूला असते, तिकडून धावत येणारा त्याला दिसत नाही. त्या माणसाला अडवतो तो लेफ्ट टॅकल.

थुनी मुळात लेफ्ट गार्ड, म्हणजे टॅकलच्या शेजारी आत उभा राहणारा. त्याला बाहेर काढून टॅकलला ठेवला म्हणजे एक भोक बुजवायला दुसरं पाडलं ना?

शंका रास्त आहे. जो थुनी मागच्या वर्षी आणि यंदाही गार्ड म्हणून ऑल-प्रोच्या (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) पहिल्या टीममध्ये आला तो जागेवरून हलला आणि तिथे आता कॅलिएंडो खेळतोय, हे नुकसान आहेच. पण बाहेरची परिस्थिती बघा. सीझन सुरू झाला तेव्हा रूकी, म्हणजे पहिल्याच वर्षाचा, सुआमाटाया होता, त्याला दुसऱ्याच आठवड्यात बेंगल्सविरुद्ध मॅच चालू असताना बसवलं, मग वान्या मॉरिस, मग हम्फ्रीज, मग थुनी. एका सीझनमध्ये चौथा माणूस! आतल्या गार्डच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात, चूक झाली तर कोणीतरी सावरून घेतं. टॅकलच्या बाहेर मोकळं मैदान असतं, आणि शनिवारी त्या मोकळ्या मैदानातून टेक्सन्सचे विल अँडरसन आणि डॅनिएल हंटर येणार आहेत, दोघांचेही या सीझनला दहाच्या वर सॅक्स (क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडणं) आहेत. थुनी कॉलेजला नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून शेवटच्या वर्षी टॅकलच खेळलाय, जागा त्याला परकी नाही. माझं मत थुनीच राहावा. अर्थात प्रॅक्टिस कोच बघतात, आपण नाही, शेवटचा शब्द त्यांचा.

हम्फ्रीज डेन्वरला खेळला म्हणजे फिट आहे ना? आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलंय की एक इंजेक्शन दिलं की हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूचा) प्रश्न मिटतो.

ग्रुपवर लिहिणाऱ्याला कृपा करून विचारा की हे त्याला कोणत्या डॉक्टरने सांगितलं.

आता नीट ऐका, कारण याच गैरसमजापायी बरे होत आलेले लोक परत माझ्या टेबलावर येतात. हम्फ्रीजचा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला लिगामेंट, ३१ डिसेंबर २०२३ ला, तो कार्डिनल्सकडे असताना, फाटला. वर्षभराच्या आत तो चीफ्सकडून उभा राहिला आणि पहिल्याच मॅचला, ८ डिसेंबरला चार्जर्सविरुद्ध, हॅमस्ट्रिंग गेला. डेन्वरची मॅच म्हणाल तर त्यात बहुतेक मुख्य खेळाडूंना विश्रांती होती, ०-३८ अशी हरलो, त्यावरून प्लेऑफचा अंदाज काढू नका. दुखणं थांबणं वेगळं आणि स्नायू तयार होणं वेगळं. टॅकल आधी झपाझप मागे सरकतो, मग समोरचा छातीवर आदळला की कंबरेत वाकून, ढुंगण खाली टाकून जागीच थांबवायचं असतं, आणि त्या क्षणी हॅमस्ट्रिंग ताणलेला असतानाच सगळं वजन पेलतो. इंजेक्शनने दुखणं दबेल, ही ताकद येत नाही. परत दुखावण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो मैदानात परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, त्यातही दमल्यावर, म्हणजे नेमका चौथ्या क्वार्टरला. शिवाय माणूस नकळत दुखरी बाजू वाचवतो, पावलं आखूड टाकतो, भार दुसरीकडे जातो, आणि इथे एक गुडघा आधीच फाटून शिवलेला आहे. पॅकर्सच्या बाख्तियारीचा एसीएल ३१ डिसेंबर २०२० ला प्रॅक्टिसमध्ये गेला, पुढचा अख्खा सीझन आज येईल उद्या येईल चाललं होतं, शेवटच्या आठवड्यात डेट्रॉइटला थोडा वेळ खेळला आणि प्लेऑफला पुन्हा बाहेर. हे ज्यांच्या दिमतीला चोवीस तास डॉक्टर आहेत त्यांचं. प्लेऑफची तारीख गुडघ्याला कळत नाही हो. हम्फ्रीज बेंचवर तयार असणं ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याला उतरवायचं की नाही हे त्याच्या ताकदीच्या चाचण्या बघून टीमच्या डॉक्टरांनी ठरवावं.

२०२१ च्या सुपर बोलसारखं होणार नाही ना?

ती भीती मलाही आहे. तेव्हा आपला लेफ्ट टॅकल एरिक फिशरची अकिलीस (टाचेमागची शीर) २४ जानेवारीला, कॉन्फरन्स फायनलमध्ये तुटली, उजवा टॅकल श्वार्ट्झ पाठीमुळे आधीच बाहेर, म्हणून रेमर्सला उजवीकडून डावीकडे आणला आणि सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलला, टॅम्पाने ३१-९ धुतलं, आपला एकही टचडाउन नाही. बाजू बदलली की मागचा पाय, पहिला धक्का देणारा हात, सगळंच उलटं होतं, जन्मभर उजव्या हाताने भाकरी थापणाऱ्या बाईला उद्यापासून डाव्याने थाप म्हटल्यासारखं. थुनीची बाजू डावीच आहे आणि तो डिसेंबरच्या मध्यापासून तिथे उभा आहे, हा फरक मोठा.

मुलगा १५ वर्षांचा, शाळेच्या टीममध्ये लेफ्ट टॅकल व्हायचंय. वजन वाढवायला दुकानदाराने मास गेनरचा मोठा डबा सुचवलाय. घेऊ का?

नको. दुकानदार डबा विकायला बसलाय. अमेरिकेत असल्या सप्लिमेंट्सना विक्रीआधी एफडीएची मंजुरी लागत नाही, त्यामुळे 'डॉक्टर रेकमेंडेड' छापलेलं बघून भुलू नका. तुमच्या पीडियाट्रिशियनना भेटा, त्यांच्याकडून आहारतज्ज्ञाचं नाव घ्या. पंधराव्या वर्षी वजनाआधी पाय सरकायला शिकू दे.

नी ब्रेस घातला की एसीएल सुरक्षित?

नाही. बाजूने बसणाऱ्या धक्क्याला थोडी मदत होते, एसीएलची हमी कोणताच ब्रेस देत नाही, जाहिरात काहीही म्हणो. घ्यायचाच तर ट्रेनरकडून माप घेऊन.

मुलाचा हॅमस्ट्रिंग ऑक्टोबरमध्ये शाळेच्या प्लेऑफआधी ओढला गेला. कोच म्हणाले चालवून घे, तो खेळला. अजून जिना चढताना दुखतं. स्प्रिंगच्या प्रॅक्टिसपर्यंत थांबून बघू का?

ऑक्टोबर ते जानेवारी थांबलात, अजून किती? याच आठवड्यात स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवा, तोपर्यंत धावणं बंद. आणि दुखतंय हे सांगितलं म्हणून मुलाला कोणी घाबरट म्हणत असेल तर त्या कोचशी तुम्ही स्वतः जाऊन बोला, मुलाला मधे घालू नका.

शनिवारची मॅच भारतात किती वाजता?

रविवारी पहाटे ३ ला.